ना आवडता, ना नावडता

त्या वर्षी वर्षावासाच्या तीन महिन्यांत दर रविवारी सकाळी विहारात ध्यानाला बसायचं असं आमच्या वाडीत ठरलं, आणि त्याची सूचना टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. मी अलिबागच्या कोर्टात लघुलेखक आहे. नागावला आमच्या वाडीत काहीही टाइप करायचं असलं, लग्नपत्रिकेचा मजकूर असो की ग्रामपंचायतीला द्यायचा अर्ज, ते माझ्याकडेच येतं. सूचना टाइप केली, विहाराच्या दाराला डकवली आणि पहिल्या रविवारी कोणी येतं का ते बघायला गेले. पाच बायका आल्या होत्या. सहावी मी. तिथून निघून जाणं बरं दिसलं नसतं म्हणून बसले.

शिकवायला होत्या त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. नोकरी सुटून सहा वर्षं झाली तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. ध्यान शिकवतात म्हणून त्यांनी आवाज मऊ केलेला नव्हता. इंजेक्शन देताना हात सैल सोडायला सांगावं तशा त्या म्हणायच्या, "पाठ सरळ. श्वास येतोय, जातोय, बघा नुसतं. आवळू नका." अर्धा तास झाला की घड्याळ बघायच्या. "झालं. उघडा डोळे. आधी पाय हलवा, मग उठा."

माझे वडील तेव्हा आमच्याकडे राहत होते. प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून आयुष्य गेलेलं, पाली स्वतःहून शिकलेले, गावोगावी जाऊन पोरांकडून बुद्धवंदना पाठ करून घेतलेली. धम्मातलं त्यांना पुष्कळ माहीत होतं, पण ध्यानाला बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. दुसऱ्या रविवारी मी निघाले तेव्हा ते पडवीत पेपर वाचत होते.

"परत चाललीस?"

"हो."

"आपल्या लोकांना डोळे उघडायला सांगितलं होतं. तुम्ही मिटायला लागलात."

ते चिडले नव्हते. फळ्यावरची चूक दाखवायचे त्याच आवाजात बोलले. मी चपला घातल्या आणि गेले.

खरं सांगायचं तर मला त्यात शिकण्यासारखं फारसं काही आहे असं वाटत नव्हतं. सिस्टर म्हणायच्या की सुख आलं तरी हुरळायचं नाही, दुःख आलं तरी कोसळायचं नाही, जे आहे ते नीट बघायचं. हे तर मी वीस-बावीस वर्षं करतच होते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, वकील विचारतात, न्यायाधीश साहेब सांगतात आणि मी टाइप करते. 'असे म्हणणे खरे नाही की' हे शब्द माझ्या बोटांनी किती वेळा उमटवले असतील त्याला गणती नाही. एकदा एका बाईची साक्ष होती. तिचा मुलगा खाडीत बुडून गेला होता. तिने ते सगळं सांगितलं. बुडताना किनाऱ्यावर कोण कोण होतं, त्याच्या अंगात कोणता शर्ट होता, सगळं. आमचा पट्टेवाला बाहेर जाऊन डोळे पुसून आला. मी चार पानं टाइप केली, एकही चूक नाही, आणि मधल्या सुट्टीत डबा उघडून वालाची उसळ पोटभर खाल्ली.

हे मी सिस्टरना सांगितलं. सांगताना थोडा अभिमानही होता. म्हटलं, तुम्ही ती उपेक्खा म्हणता ना, ती मला बहुतेक आधीच जमलेली आहे.

सिस्टर चटया गुंडाळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"साखरेच्या पेशंटचा पाय दुखत नाही," त्या म्हणाल्या. "काच रुतली तरी कळत नाही त्याला. आम्हाला सगळ्यात जास्त काळजी त्याच पायाची असायची."

घरी येऊन मी वडिलांना त्या शब्दाबद्दल विचारलं. ते खुलले. शब्दावर बोलायला त्यांना नेहमीच आवडे. म्हणाले, पालीत उपेक्खा म्हणजे समतोल मन. जवळून बघायचं, पण तोल जाऊ द्यायचा नाही. तोच शब्द संस्कृतातून मराठीत आला आणि त्याचा अर्थ झाला दुर्लक्ष, हेळसांड. "आपल्या माणसांची जी झाली ती मराठीतली उपेक्षा," ते म्हणाले आणि परत पेपरात गेले.

चौथ्या की पाचव्या रविवारी सिस्टरनी मैत्री भावना घेतली. आधी स्वतःचं भलं चिंतायचं. सुखी असू दे, निरोगी असू दे, कशाची भीती नसू दे. मग तेच आपल्या आवडत्या माणसासाठी. मग अशा माणसासाठी, जो आपल्याला आवडतही नाही आणि नावडतही नाही. मग नावडत्यासाठी. आणि शेवटी सगळ्यांसाठी. आवडतं माणूस म्हणून माझी मुलगी होती, ती नोकरीला मुंबईत असते. नावडती माणसंही दोन-तीन चटकन समोर आली. अडले ते मधल्या माणसापाशी. ज्याच्याबद्दल काहीच वाटत नाही असा माणूस आठवणार कसा? काही वाटत नाही म्हणून तर तो आठवत नाही.

"रोज दिसतो, पण सुट्टीवर गेला तर तुला पत्ता लागणार नाही, असा कोण आहे ते बघ," सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एसटी स्टँडवर तो मला सापडला. चौकशीच्या खिडकीत बसणारे वाहतूक नियंत्रक. मी रोज कोर्टातून सुटून तिथे रेवदंड्याच्या गाडीची वाट बघते. जाळीमागे अर्धा चेहरा, चष्मा आणि समोर माइक. "रेवदंडामार्गे मुरुडला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे." त्या आवाजात घाई नसे, कंटाळाही नसे. वर्षानुवर्षं मी त्या आवाजावर उठून गाडीत चढत होते आणि तो कुणाचा तरी आवाज आहे हे माझ्या मनात आलं नव्हतं.

मग रोज सकाळी उठल्यावर पंधरा मिनिटं मी बसायची आणि त्यातली पाच मिनिटं त्यांना द्यायची. सुखी असू दे, निरोगी असू दे. सुरुवातीला काहीच व्हायचं नाही, नुसती जाळी दिसायची. पण माणसाचं रोज भलं चिंतायचं तर तो निदान नीट पाहिलेला असावा म्हणून मी संध्याकाळी जरा बघू लागले. त्यांचा चष्मा एका काडीला दोऱ्याने बांधलेला होता. मुरुडच्या गाडीला उशीर झाला की ते माइक बंद करून आधी खाकरायचे आणि मग सांगायचे. म्हातारं माणूस खिडकीशी आलं की खुर्चीतून अर्धवट उठायचे. गणपतीच्या दिवसांत स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. लोक खिडकीवर हात आपटत होते आणि ते प्रत्येकाला तेच उत्तर तितक्याच शांतपणे देत होते. त्या दिवशी त्यांचा आवाज घोगरा झाला होता. मी गाडीत बसल्यावर मला त्याची काळजी वाटली. हे नवीन होतं.

वर्षावास संपला तरी आमचं रविवारचं बसणं चालू राहिलं. दिवाळीनंतर आठवडाभराने खिडकीत दुसराच माणूस दिसला. दोन दिवस गेले, चार गेले. पाचव्या दिवशी मी खिडकीशी गेले आणि आधीचे साहेब कुठे आहेत म्हणून विचारलं.

"आजारी रजेवर. घशाचं ऑपरेशन झालं. तुम्ही नात्यातल्या का?"

"नाही. रोजची प्रवासी आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. रोजच्या प्रवाशांनी नियंत्रकाची चौकशी केल्याचं त्याच्या पाहण्यात नसावं.

रविवारी सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग जाऊन ये."

"कोणत्या नात्याने जाऊ?"

"नातं नाही म्हणूनच निवडलंस ना त्यांना?"

पेण रस्त्यापासून आत दोन किलोमीटरवर त्यांचं गाव होतं. नवीन नियंत्रकाने पत्ता दिला होता. मी डझनभर केळी घेतली आणि एका रविवारी ध्यान आटपून गेले. भात कापून झालं होतं आणि कांदा लावायच्या तयारीत शेतं नांगरून पडली होती. घराच्या पडवीत ते लाकडी खुर्चीवर बसले होते, गळ्याला पट्टी. मांडीवर शाळेतल्या पोरांची पाटी आणि खडू. जाळीशिवाय पाहिले तर पुष्कळ बारीक दिसले.

त्यांची बायको बाहेर आली. "ते बोलत न्हाय आता," ती म्हणाली. "डॉक्टरनं दोन महिने बंद केलंय. तुम्ही कुठल्या?"

मी सांगितलं, नागावची, कोर्टात काम करते. कोर्ट म्हटल्यावर दोघांचेही चेहरे बदलले. त्यांनी पाटीवर भरभर लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं. 'समन्स आहे का?'

"नाही, नाही. मी सहज आले. रोज तुमच्या आवाजावर गाडी पकडते. दिसला नाहीत म्हणून आले."

त्यांनी ते पुसलं आणि पाटी मांडीवर पालथी ठेवली.

बायकोने चहा आणला. कप माझ्या हातात देताना विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" मी म्हणाले नव्हते. सांगितलं. "म्हणजे बौद्धवाडीतल्या," ती म्हणाली. मी हो म्हटलं. ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि स्वतःच्या कपातला चहा पिऊ लागली. मी कपाकडे पाहिलं, दोन्ही कप सारखेच होते. असं बघायची सवय मला लहानपणापासून आहे आणि ती ध्यानाने गेलेली नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, तीन आठवड्यांनी मी जात राहिले. पाटीवरचं बोलणं मला जड जात नव्हतं. ते अक्षरं गाळून लिहायचे आणि मला ती वाचता यायची, तो माझा धंदाच आहे. लिहिताना त्यांचे ओठ हलायचे, तेही मला हळूहळू कळू लागले. हलक्या कामावर बदली मिळावी म्हणून त्यांना अर्ज करायचा होता, तो मी टाइप करून दिला. त्यात त्यांनी सात वेळा बदल सुचवले. आठव्या वेळी मी पहिलाच मसुदा परत नेऊन दिला आणि तो त्यांना पसंत पडला.

एकदा त्यांनी लिहिलं, 'तुम्ही खरंच का येता?'

मी खोटं सांगू शकले असते. पण ज्याच्यासाठी आपण रोज सकाळी बसतो त्याला खोटं सांगणं विचित्र वाटलं. मी सगळं सांगितलं. विहार, सिस्टर, मैत्री भावना, आवडता, नावडता आणि मधला.

त्यांनी मन लावून ऐकलं. मग लिहिलं, 'म्हणजे मी कोणीच नाही म्हणून मला निवडलं?'

"तेव्हा, हो."

त्यांची बायको हसली. ते हसले नाहीत. पाटी पुसली, परत लिहिलं, 'सत्तावीस वर्षं त्या खिडकीत आहे.' एवढंच. त्या दिवशी गाडीत बसल्यावर मला रडू आलं. खाडीत बुडालेल्या मुलाच्या आईची साक्ष घेताना जे आलं नव्हतं ते अशा ठिकाणी आलं. मी त्याचं फार काही केलं नाही. नागाव आलं, उतरले, घरी जाऊन भात लावला.

तोवर तो माणूस माझ्या यादीत मधला राहिला नव्हता. सकाळी बसले की मुलीच्या आधी तेच समोर यायचे. मग दुसरा मधला माणूस शोधायला हवा होता, तो मी शोधला नाही.

फाल्गुनात ते बिघडलं. डॉक्टरांनी बोलणं अजून बंदच ठेवलं होतं. त्यांचा भावाशी वाद चालू होता. भावाच्या शेताकडे जाणारी पायवाट यांच्या जमिनीतून जायची. यांनी दोन वर्षांपूर्वी तिथे तारेचं कुंपण घातलं होतं. भावाने दावा लावला होता आणि तो आमच्याच कोर्टात होता. मला हे माहीत नव्हतं. त्यांनी पाटीवर दाव्याचा नंबर लिहिला आणि खाली लिहिलं, 'साहेबांच्या कानावर घाला.'

"असं नाही करता येत," मी म्हणाले.

'दोन शब्द फक्त.'

"एकही नाही. माझी नोकरी जाईल ते सोडा, पण ते बरोबर नाही."

त्यांनी पाटी पुसली नाही. त्याच्यावरच आडवं लिहिलं, खडू मोडेपर्यंत दाबून. 'मग मैत्री कसली?'

बायको मध्ये पडली. "अहो, त्या न्हाय म्हणतात ना." तिच्याकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं ती मला आवडली नाही. ती मुकाट्याने आत गेली. आधीही दोनदा मी हे पाहिलं होतं. आवाज बंद असताना माणूस बायकोवर ओरडू शकतो हे मला तिथे कळलं. पाटी आपटायची, भांडं सरकवायचं, बोटाने दार दाखवायचं. मी उठले आणि निघाले.

त्यानंतर मी गेले नाही. आठवडा, महिना, दोन महिने. सकाळी बसले की ते नावडत्या माणसाच्या जागी यायचे आणि त्यांचं भलं चिंतताना माझे दात आवळलेले असायचे. दावा आमच्या कोर्टात आहे म्हटल्यावर मी साहेबांना भेटून सांगितलं की प्रतिवादीशी माझी ओळख आहे. साहेब म्हणाले, "तुम्ही निकाल देता का? नाही ना? सांगितलंत ते बरं केलंत. मी दोन्ही वकिलांच्या कानावर घालतो. बसा."

सिस्टरनी एकदा विचारलं, "स्टँडवाल्यांचं कसं आहे?"

"मी आता उपेक्षा करते त्यांची."

"पालीतली की मराठीतली?"

मी चटया गोळा करायला लागले.

मेच्या सुट्टीआधी एका दुपारी त्यांची बायको कोर्टाच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. हातात पांढऱ्या कांद्याची माळ. मला वाटलं नवऱ्याने पाठवली. माळ घ्यायला मी नाही म्हटलं. तिने ती परत पिशवीत घातली.

"दाव्यासाठी न्हाय आले," ती म्हणाली. "तुम्ही बसता ना, माणसाचं भलं चिंतता. मला बसता येल का? मला त्यांचं भलं चिंतायचं हाय. पण राग येतो ताई. भाकरी वाढताना पण येतो."

"विहारात यावं लागेल. आमच्या वाडीत," मी म्हणाले.

तिला मी काय म्हणत होते ते कळलं. थोडा वेळ ती फाटकातून आत जाणाऱ्या गाड्या बघत राहिली. "गावात बोलतील," ती म्हणाली. मग म्हणाली, "बोलू देत."

ती चार रविवार आली. पहाटेची पहिली गाडी धरून अलिबाग, तिथून मिनिडोअर रिक्षाने नागाव. सिस्टरनी तिला सांगितलं की सुरुवात स्वतःपासून करायची. आधी स्वतःला म्हण, मी सुखी असू दे.

"माझ्यासाठी काय मागायचं?" ती म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं.

"झोप लागते का नीट?"

"न्हाय."

"मग तेच मागा."

पाचव्या मिनिटाला ती बसल्या बसल्या भिंतीला टेकून झोपली. तोंड थोडं उघडं, घोरू लागली. बाकीच्या बायका चुळबुळल्या. सिस्टरनी सगळ्यांना हाताने गप्प राहायला सांगितलं आणि अर्ध्या तासाऐवजी आम्हाला तासभर बसवलं. चारही रविवार ती झोपली. शेवटच्या रविवारी माझे वडीलही आले होते, तिला बघायला म्हणून, आणि मागे खुर्चीवर पेपर घेऊन बसले होते. पान उलटताना आवाज होऊ नये म्हणून ते तेच पान तासभर वाचत होते. पुढे नांगरट आणि पेरणी आली आणि तिचं येणं थांबलं. त्यानंतरच्या थंडीत माझे वडील गेले.

दाव्यात तिच्या नवऱ्याची उलटतपासणी त्याच वर्षी पावसाळ्यानंतर आली. एव्हाना डॉक्टरांनी त्यांना बोलायची परवानगी दिली होती, पण आवाज राहिला नव्हता, नुसती कुजबुज होती. पिंजऱ्यात उभे राहिले, शपथ घेतली, कुणालाही ऐकू आली नाही. साहेब म्हणाले, मोठ्याने बोला. त्यांनी गळ्यावर हात ठेवला. त्यांच्या वकिलांनी वैद्यकीय कागद पुढे केला. पट्टेवाल्याला जवळ उभं करून विचारायला लावलं, त्याच्याही हाती काही लागेना. बाहेर कॉरिडॉरमध्ये गर्दी होती, पंखे गरगरत होते.

"ते म्हणतायत, कागदावरचं नाव माझंच आहे आणि वय छप्पन्न," मी म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला ऐकू येतंय?"

"ओठ कळतात. सवय आहे."

साहेबांनी दोन्ही वकिलांना विचारलं. भावाचे वकील क्षणभर घुटमळले. मग म्हणाले, हरकत नाही. यांचे वकीलही हरकत नाही म्हणाले, आणि त्यांना बरं वाटलेलं दिसलं. ओळखीची बाई आहे, आपल्या बाजूची, असं त्यांना वाटलं असावं.

मग वकील विचारत गेले, ते कुजबुजत गेले, मी मोठ्याने सांगत आणि टाइप करत गेले. जमिनीचा गट नंबर, हद्द, कुंपण कधी घातलं. त्यांचा चष्मा तसाच दोऱ्याने बांधलेला होता. शेवटी भावाच्या वकिलांनी विचारलं, "ही वाट तुमच्या वडिलांच्या वेळेपासून होती, हे खरं आहे का?"

त्यांनी वकिलांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ ते गळ्यावर हात ठेवून जोर लावून बोलत होते. आता त्यांनी हात खाली घेतला. ओठ जेमतेम हलले. तो श्वास होता की शब्द, हे त्या खोलीत दुसऱ्या कुणाला कळणं शक्य नव्हतं.

"होती," मी म्हणाले.

ते टाइप केलं. 'वाट वडिलांच्या वेळेपासून होती हे म्हणणे खरे आहे.' त्यांच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी साक्षीदाराला विचारलं, तुम्ही हेच म्हणालात का? त्यांनी मान हलवली. हो. त्या एका पानात मी तीन चुका केल्या. मधल्या सुट्टीत डबा उघडला नाही. पण मला पश्चात्ताप होत नव्हता, आणि त्यांचा रागही येत नव्हता. तो माणूस मला त्या क्षणी जितका स्पष्ट दिसला तितका पुन्हा कधी दिसला नाही.

संध्याकाळी कॉरिडॉरच्या टोकाला ते आणि त्यांची बायको बाकावर बसले होते. मी थांबले.

"मी हळू बोललो होतो," ते कुजबुजले.

"मला ऐकू आलं."

त्यांनी मान डोलावली. बायकोने पिशवीतून पाण्याची बाटली काढून आधी त्यांना दिली, मग मला. स्टँडवर आम्ही तिघं बरोबरच गेलो. खिडकीतला नवा नियंत्रक उठून उभा राहिला आणि त्यांना आत यायला म्हणाला. ते आत गेले नाहीत. रेवदंड्याची गाडी लागल्याचं माइकवरून सांगितलं गेलं तेव्हा मी बाकावरच होते, त्यांच्याशी बोलत, आणि ती गाडी माझी चुकली.

पुढच्या तारखेला दोघा भावांनी तडजोडीचा कागद दिला. कुंपणाला फाटक ठेवायचं आणि वाट मोकळी सोडायची. त्यांना पास देण्याच्या खिडकीवर हलकं काम मिळालं. तिथे बोलावं लागत नाही, शिक्का मारावा लागतो. अजून दोन वर्षं नोकरी आहे.

परवा माघात त्यांच्याकडे गेले होते. कांदा काढायला आला होता. आम्ही पडवीत बसलो होतो आणि ते पास काढायला येणाऱ्या कॉलेजच्या पोरांबद्दल तक्रार करत होते, कुजबुजत, पण भरपूर. तेवढ्यात फाटक उघडून भावाची बायको डोक्यावर भारा घेऊन वाटेने आली. ती घरासमोरून जायला लागली तसं त्यांनी खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड केलं आणि तसेच बोलत राहिले. त्यांची बायको उठली, तांब्या भरला आणि अंगणात गेली. जावेने भारा उतरवला नाही. एका हाताने भारा धरला, दुसऱ्या हाताने तांब्या वर करून पाणी प्यायली, आणि दोघी तिथे उन्हात उभ्या राहून काहीतरी बोलत होत्या. मला पडवीतून ऐकू येत नव्हतं.